पाहू

वहीच्या तिसऱ्या रकान्यात मी एकतीस वेळा ‘पाहू’ लिहिलं आहे. ते मोजायची वेळ आली ४ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री, सव्वाअकराच्या सुमारास. मोजण्याखेरीज करण्यासारखं दुसरं काही तेव्हा माझ्यापाशी उरलं नव्हतं.

वही मुळात माझी नाही. माझ्याआधी आमच्या पतसंस्थेचा संगणक विभाग ज्या मॅडम सांभाळत, त्यांची. मॅडम घाटावरच्या. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात माणसाचा तालुका नंतर विचारतात, आधी घाटावरचा की घाटाखालचा ते ठरतं. आमचं गाव घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याच्या बाजूचं. मे महिन्यात इथं पंख्याचा वारासुद्धा भाजतो. सर्व्हरच्या खोलीतल्या एसीत आम्ही दहा मिनिटांत कुडकुडायचो आणि मॅडम तिथं तासन्‌तास बसायच्या. बुलडाण्याच्या हवेत वाढलेल्या बाईला काय होतंय, असं आम्ही म्हणायचो. ती खोली पूर्वी सोनेतारणाची होती. भिंतीत तराजू टांगायचा पितळी आकडा अजून आहे. मॅडमनी त्याला गजानन महाराजांचा फोटो लावला होता.

यंत्राचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं नीट लागायचं नाही. आमच्याकडं पूर्वी पाच कामांना पाच सर्व्हर होते. ठेवी-कर्जाचा हिशेब एकावर, पिग्मीचा दुसऱ्यावर, एसएमएस तिसऱ्यावर, पगार-हजेरी चौथ्यावर, आणि पाचव्यावर बंद झालेली जुनी खाती. पाच यंत्रं, पाच बॅटऱ्या, आणि दिवसभर पाचही जवळजवळ रिकामी बसलेली. मॅडमनी ती पाचही एका मोठ्या यंत्रात नांदायला बसवली. वाडा एक, बिऱ्हाडं पाच. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं की घर आपल्या एकट्याचंच. चूल वेगळी, दार वेगळं, शेजारच्याचा आवाज नाही. ही व्यवस्था राखणारं सॉफ्टवेअर, त्याला हायपरव्हायजर म्हणतात, म्हणजे वाड्याचा पाया, जिना आणि नळाची लाइन. भाडेकरूला ते दिसत नाही. आमच्याकडं ते व्हीएमवेअर कंपनीचं ईएसएक्सआय होतं, आवृत्ती ६.५. कल्पना तशी जुनीच. आयबीएमनं आपल्या मोठ्या यंत्रांसाठी व्हीएम/३७० हे १९७२ मध्येच आणलं होतं. फायदा उघड आहे. पण वाड्याचं आढं मोडलं की पाचही बिऱ्हाडं एकाच रात्री रस्त्यावर येतात, हे विकायला येणारा माणूस चहा संपेपर्यंत बोलत नाही.

बनवणाऱ्यांना आपल्याच भिंतीत तडा सापडला की ते सूचना काढतात. तिला क्रमांक असतो. तडा कुठं आहे, किती खोल आहे, कोणत्या आवृत्तीला आहे, डागडुजी कोणती, आणि ती होईपर्यंत तात्पुरता टेकू कसा द्यायचा, हे सगळं त्यात असतं. भाषा कोरडी, वकिलाच्या नोटिशीसारखी. मॅडम दर बुधवारी दुपारी चहा घेऊन या सूचना वाचत आणि वहीत उतरवून काढत. जाड पुठ्ठ्याची, लाल पाठीची वही. आमच्या रोजकीर्दीच्या वह्या जिथून यायच्या तिथलीच. पाच रकाने: तारीख आणि क्रमांक, म्हणणं काय आहे, आपल्याला लागू आहे का, काय केलं, आणि शेवटचा, सगळ्यात रुंद, ‘उलटं कसं फिरवायचं’.

त्यातलं २०१८ च्या जानेवारीचं पान मला आता पाठ आहे. प्रोसेसरमध्येच ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ नावाचे दोष सापडल्याची तेव्हा जगभर बोंब झाली होती. मॅडमनी तिसऱ्या रकान्यात लिहिलंय: ‘लागू. परंतु पहिली दुरुस्तीच मागे घेतली आहे. इंटेलकडचा भाग बिघडला. थांबणे.’ त्याच ओळीखाली मार्चअखेरीची तारीख आणि वेगळ्या शाईत: ‘नवी आली. केली. यंत्र १७ मिनिटं बंद.’ जग घाईत असताना ही बाई दोन महिने थांबली होती, आणि थांबल्याचं कारण लिहून थांबली होती. मला तेव्हा हे दिसलं नाही. मला दिसली ती एक वही, ती संगणक विभागात, आणि तीही हाताने लिहिलेली. आम्ही पोट्टे हसायचो.

मॅडम निवृत्त झाल्या ३१ मे २०२० ला. लॉकडाउन होता, त्यामुळं सत्कार नाही, शाल-श्रीफळ नाही. पेढ्याचा डबा टेबलावर ठेवून सगळे चार हात लांब उभे. जाताना त्यांनी वही माझ्या हातात दिली. “आठवड्याला एक तास,” म्हणाल्या. “चहा पिता पिता होतं. आणि शेवटचं पान बघून ठेव.”

मी ‘हो’ म्हणालो. शेवटचं पान बघितलं नाही.

त्याच महिन्यात मी एक पराक्रम केला होता. घरून काम करता यावं म्हणून बाहेरून सर्व्हरपर्यंत जायला राउटरमधून रस्ता काढला होता. एक दार उघडायचं होतं. कुठलं ते नेमकं जुळेना, म्हणून मी भिंतच काढून टाकली, म्हणजे झाडून सगळे पोर्ट मोकळे. तात्पुरतं. सरकारी कार्यालयात आणि सर्व्हरच्या खोलीत तात्पुरती म्हणून केलेली गोष्टच सगळ्यात जास्त टिकते.

सूचना येत होत्या. पहिले तीन-चार बुधवार मी वाचल्या. पण वाचलं की करावं लागतं, करायचं तर यंत्र बंद ठेवावं लागतं, आणि पतसंस्थेच्या वर्षात यंत्र बंद ठेवायला रिकामा महिना कुठला? फेब्रुवारी-मार्च वसुली आणि मार्चएंड. एप्रिल-मेमध्ये लेखापरीक्षण. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर सोनेतारणाला रांग. मग पोळा, मग दिवाळीच्या ठेवी, मग लग्नसराईत त्या ठेवी मोडणं. मॅनेजर साहेबांना विचारलं की ते कॅलेंडरकडे बघत. अध्यक्षांना विचारलं की ते माझ्याकडे बघत. “चालू हाये ना सारं? मंग कायले हात लावता बाप्पा?” अध्यक्ष कापसाचे व्यापारी, मोठे आडते, माणूस मोलाचा. पण मीही त्यांच्या उत्तराची वाटच पाहत असे, हे आता कबूल करतो. दुसऱ्याच्या नकारात आपला आळस फार सुखानं झोपतो.

तरी वही सोडवेना. मॅडम बुलडाण्याहून महिना-दोन महिन्यांनी फोन करत आणि विचारत, “वही भरतोस ना?” खोटं बोलायला नको म्हणून मी क्रमांक तेवढा लिहायचो. दुसऱ्या रकान्यात अर्धी ओळ. तिसऱ्यात: ‘पाहू.’

२३ फेब्रुवारी २०२१ ची नोंदही तशीच आहे. क्रमांक व्हीएमएसए-२०२१-०००२. ‘ओपनएसएलपीमध्ये दोष.’ पाहू. ही एसएलपी म्हणजे यंत्रानं आसपासची भावंडं हुडकायला ठेवलेली एक सेवा, पोर्ट ४२७ वर कान लावून बसलेली. आमच्या एकुलत्या यंत्राला भावंडं नव्हतीच. म्हणजे त्या सेवेचा आम्हाला काडीचा उपयोग नव्हता. सूचनेत दुरुस्ती होतीच, शिवाय टेकूही होता: सेवा बंद करून ठेवा. दोन-तीन आज्ञा, एक मिनिट. त्या मिनिटासाठी लागणारी पाच मिनिटं मी वाचली नाहीत.

दोन वर्षं काहीही झालं नाही.

३ फेब्रुवारी २०२३ चा शुक्रवार. फ्रान्सच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं इशारा दिला की जुन्या ईएसएक्सआय यंत्रांवर खंडणीखोरांची धाड पडते आहे, आणि वाट बहुधा तीच, दोन वर्षांपूर्वीची. आमच्यापर्यंत हे पोचलं शनिवारी संध्याकाळी, मोबाइलवर. यंत्राच्या पडद्यावर खंडणीची चिठ्ठी लावून जायचे, सुमारे दोन बिटकॉइन मागायचे. पुढं त्याला ‘ईएसएक्सआयआर्ग्स’ असं नाव पडलं; अमेरिकेच्या एफबीआय आणि सिसा या संस्थांनी जगभरातली ३,८०० हून अधिक यंत्रं सापडल्याचं सांगितलं. दोन वर्षांपूर्वीच डागडुजी निघालेल्या तड्यातून चोर आत शिरले होते. मी बातमी वाचली, वही काढली, २०२१ चं पान उलटलं, आणि एसीशिवाय गार पडलो.

गाडी काढून कार्यालय गाठलं. गजानन महाराजांचा प्रकटदिन आठवड्यावर आला होता. रस्त्यानं शेगावकडं निघालेल्या दिंड्या, टाळ-मृदंग, आणि त्यातून हॉर्न न वाजवता वाट काढणारा मी. पोचल्यावर आधी पाचही बिऱ्हाडं पाहिली. सगळी शाबूत. चिठ्ठी नाही. राउटरमधला तो तात्पुरता रस्ता बुजवला, एसएलपी बंद केली. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

इथं मी घरी जायला हवं होतं.

पण माझ्या अंगात आलं होतं. दोन वर्षांचं सगळं आज एका रात्रीत फेडून टाकायचं! ६.५ ला कंपनीचा आधार १५ ऑक्टोबर २०२२ लाच संपला होता, तर सरळ ७.० वर उडी मारू, म्हणजे कटकट मिटेल. नऊ वाजता सुरुवात केली. मध्येच इशारा आला की या यंत्रातले काही भाग नव्या आवृत्तीला ओळखीचे नाहीत. इशारा ओलांडून जायची सोय असते. मी ओलांडला. ७.० मध्ये जुन्या धाटणीचे ड्रायव्हर मुळातूनच काढून टाकले आहेत, तुमचं नेटवर्क कार्ड आणि डिस्कचं कार्ड यादीत आहे का ते आधी तपासा, असं मार्गदर्शिकेत पहिल्याच पानांत लिहिलेलं आहे. ते मी सोमवारी वाचलं.

यंत्र पुन्हा सुरू झालं. तो ओळखीचा अर्धा पिवळा, अर्धा करडा पडदा आला. पत्त्याच्या जागी नुसती शून्यं. नेटवर्क कार्ड नाही. डिस्क नाहीत. वाडा उभा होता, पण त्याला ना दार, ना एकही खोली. जुनी आवृत्ती परत आणायची कळ मला ठाऊक होती: सुरू होताना शिफ्ट आणि आर. दाबली. मागं काही नाहीच. ७.० वर जाताना सुरुवातीच्या कार्डावरची मांडणीच बदलते आणि मग ६.५ कडे परतीची वाट राहत नाही. हेही त्याच मार्गदर्शिकेत होतं. चोर बाहेरच राहिले. घर मीच पाडलं होतं. तेव्हाच एकतीस ‘पाहू’ मोजले.

मॅडमचा फोन रात्री बंद असतो. पहाटे पाचला मी मोटरसायकल काढली. मोताळ्यापर्यंत अंधार होता, राजूर घाटात उजाडलं. हातमोजे नव्हते, वर पोचेतो बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. मॅडम अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. माझा अवतार पाहून त्यांनी आधी चहा टाकला आणि मग ऐकलं. मध्ये एकदाही ‘अरेरे’ केलं नाही.

“आकडे कुठं आहेत?”

“डिस्कवर. वेगळ्या. त्यांना हात लागलेला नाही. शिवाय परवा रात्रीची प्रत आहे.”

“मग रडायला काय झालं?”

मी गप्प.

“बाहेरचा रस्ता बंद कधी केलास?”

“सात वाजता.”

“आणि ती सेवा?”

“तीही. सात-दहाला.”

“मग धोका सात-दहाला संपला होता. नऊ वाजता तू काय करत होतास?”

मी चहाकडे बघत बसलो. या प्रश्नाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही. भीती म्हणावी, तर भीतीनं माणूस पळतो. मी तर बाह्या सरसावल्या होत्या. दोन वर्षं न केलेल्या कामाचा मुद्दल-व्याजासकट हिशेब एका रात्रीत चुकता करून कुणाला तरी दाखवायचा होता, बहुतेक स्वतःलाच.

“वहीचं शेवटचं पान बघितलंस?”

“नाही.”

“बघ जा,” मॅडम म्हणाल्या. “आणि सावकाश जा. घाटात ओल असते.”

चाळीस-पन्नास किलोमीटर जाऊन, घाट चढून-उतरून मी जे आणायला गेलो होतो ते माझ्याच टेबलावर पडलेलं होतं. शेवटच्या पानाला आतून खाकी पाकीट चिकटवलेलं. पाकिटात पेनड्राइव्ह, त्याला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी: ‘६.५. याच यंत्रावर लावून पाहिलेली.’ समोरच्या पानावर मॅडमच्या गोल अक्षरात सगळा वाडा उतरवलेला: कुठली केबल कुठल्या भोकात, कोणत्या बिऱ्हाडाचा पत्ता काय, कुणाला आधी उठवायचं आणि कुणाला शेवटी. ‘हिशेब उठल्याशिवाय पिग्मी उठवू नये. रुसते.’ हे शब्दशः.

नव्या कार्डावर जुनं ६.५ घातलं. डिस्क दिसल्या. दिसल्या तेव्हा मी खुर्चीवरून उठून महाराजांच्या फोटोला हात जोडले आणि पुन्हा बसलो. बिऱ्हाडं एकेक करून नोंदवली, सांगितल्या क्रमानं उठवली. मग ६.५ साठीच २०२१ मध्ये निघालेली ती मूळ डागडुजी घातली. ती लहानशीच होती. एवढंच करायचं होतं, आणि तेही घाईनं नाही. संध्याकाळचे सहा झाले. सोमवारी दहाला दार उघडलं तेव्हा पहिली तक्रार आली ती पासबुक छापायच्या यंत्राची शाई फिकट येते अशी.

रविवारी रात्री घरी आलो तेव्हा बाबा जागे होते. बाबांनी उभी हयात खामगावच्या एका जिनिंगमध्ये फिटरकी केली, जलंबहून रेल्वेच्या छोट्या गाडीनं जाऊन-येऊन. आता गुडघे धरलेत, पण कान शाबूत. कळण्याची भाकर आणि ठेचा समोर ठेवून मी सगळं सांगितलं; हायपरव्हायजर वगैरे शब्द गाळून.

“म्हंजे रेचा बिघडला,” बाबा म्हणाले.

“हाव, तसंच.”

“किती रेचे हायेत तुमच्याकडं?”

“एकच.”

बाबांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात ठेवला. “एक? मंग तो दुरुस्त कराले बंद करता कवा?”

“करतच नाही.”

जिनिंगमध्ये रेच्यांची ओळ असते. कापूस चामड्याच्या रुळाला चिकटून सुरीखाली जातो, रुई इकडं, सरकी तिकडं. चामडं झिजतं, त्यावरच्या खाचा बुजतात, सुरीचं अंतर हलतं. हंगामात बारदानं दारापर्यंत लागलेली असतात, कारखाना बंद ठेवणं शक्यच नसतं. म्हणून बाबा एक रेचा थांबवायचे, त्याचा कापूस शेजारच्यांवर वळवायचे, रूळ उतरवून खाचा पाडायचे, पुन्हा चढवायचे, मग पुढचा. बारा दिवसांत सगळी ओळ नवी आणि बाहेर गाडीवाल्याला पत्ता नाही. “चालू रेच्यात हात घालनारा अन् कवाच हात न लावनारा,” बाबा म्हणाले, “दोघायचेही बोटं मीनं पाह्यले.” त्यांची डाव्या हाताची करंगळी अर्धी आहे. ती कशी गेली हे त्यांनी कधी सांगितलेलं नाही, त्या रात्रीही नाही.

मी जे झालं ते लिहून मॅनेजर साहेबांना दिलं. ते वाचून त्यांनी दाराला कडी लावली आणि पुन्हा वाचलं. प्रकरण संचालक मंडळापुढं गेलं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी गेले तेव्हापासून ‘सायबर’ हा शब्द आमच्या सभेत दर तिमाहीला येतो आणि चहाबरोबर जातो. या वेळी मी दोन यंत्रांची मागणी घेऊन उभा होतो, आणि तोंडात होस्ट, क्लस्टर, मायग्रेशन असं काहीबाही. अध्यक्षांनी हात वर केला. “काही बुडालं काय?” नाही. “मंग जुनं काय वाईट हाये?”

मी कागद खाली ठेवला. म्हणालो, “भाऊ, आपल्याकडं एकच रेचा आहे.”

ते थांबले. मी सांगितलं: दोन असले की एकावरची बिऱ्हाडं चालत्या कामात दुसऱ्यावर सरकवता येतात, खातेदाराला कळतही नाही, आणि रिकाम्याची डागडुजी भर दिवसा होते. अध्यक्षांनी मॅनेजर साहेबांकडे असं पाहिलं की जणू संस्थेत एकच रेचा असल्याचं इतकी वर्षं त्यांच्यापासून लपवलं गेलं होतं. “एका रेच्यावर कोनी जिनिंग टाकते काय?” ठराव सात मिनिटांत झाला. जून २०२३ मध्ये दोन यंत्रं आली, आवृत्ती ८, तीन वर्षांच्या देखभालीसह.

वही मी तेव्हापासून बुधवारी भरतो. फार भूषणावह काही त्यात नाही. बहुतेक ओळींत ‘लागू नाही, ती सोय आपण वापरत नाही’ असंच असतं. पण ते खात्री करून लिहिलेलं असतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घेतली. एकदाच पैसे भरून कायमचा परवाना मिळायचा तो प्रकार पुढच्या महिन्यात बंद झाला, वर्गणी सुरू झाली. ओळखीच्या दोन संस्था त्या दरांना घाबरून दुसऱ्या, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला लागल्या. आमची तीन वर्षं आम्हाला पुरत होती. २०२४ च्या उन्हाळ्यात सगळी माहिती कंपनीच्या नव्या जागी हलली. मी निवांत होतो. तीन बुधवार एकही सूचना नाही, वही कोरी. मॅडमचा फोन आला.

“काय आलं या महिन्यात?”

“काहीच नाही मॅडम. शांत आहे.”

“तडे पडायचे थांबले, की पोस्टमन यायचा थांबला?”

फोन ठेवून पाहिलं. पोस्टमनच. जुन्या पत्त्यावरची माझी नोंदणी नव्या जागी गेलीच नव्हती. पुन्हा नाव घातलं, साठलेल्या सूचना उपसल्या. त्यातल्या दोन लागू निघाल्या. तेव्हापासून वहीच्या पुठ्ठ्यावर आतून पेन्सिलीनं लिहिलंय: ‘दोन आठवडे कोरे गेले तर आपणहून जाऊन पाहणे.’

त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइक कंपनीचं एक सदोष अद्यतन जगात गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास निघाले. एका संचालकांचा लगेच फोन: “पाह्यलं? म्हून म्हंतो अपडेट करू नोका.” बाराव्या दिवशी, ३१ जुलैला, छोट्या बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर खंडणीहल्ला झाल्याचं उघड झालं आणि एनपीसीआयनं खबरदारी म्हणून तिला देयकव्यवस्थेतून तोडलं, सुमारे तीनशे छोट्या बँकांचे व्यवहार अडकल्याच्या बातम्या आल्या. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली, पण त्याआधी त्याच संचालकांचा फोन येऊन गेला होता: “आपलं अपडेट झालं ना रे सारं?” मी दोन्ही वेळा वहीतलं पान वाचून दाखवलं. दोन्ही वेळा त्यांनी मध्येच ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवला. पान वाचून दाखवणं हा माणसाला गप्प करायचा चांगला उपाय आहे, एवढा वहीचा जास्तीचा फायदा.

आता माझ्या हाताखाली एक पोरगा आहे, जळगाव जामोदकडचा. हुशार आहे, बोटं चपळ आहेत. वही पहिल्यांदा पाहिली तेव्हा तोही हसला. मी काही बोललो नाही. त्याला फक्त ते एकतीस पाहूंचं पान उघडून दिलं आणि तराजूच्या आकड्याखाली बसून वाचायला सांगितलं.

५ मार्च २०२५, बुधवार. आदल्या दिवसाच्या तारखेची सूचना आली होती: व्हीएमएसए-२०२५-०००४, एका दमात तीन तडे, आणि ते कुणीतरी आधीच वापरत असल्याची माहितीही सोबत. एखाद्या बिऱ्हाडात मालकी हक्कानं घुसलेला चोर मधली भिंत फोडून खुद्द वाड्यात उतरू शकतो, असा तो प्रकार. टेकू नाही, डागडुजी हाच उपाय. बाहेर मार्चएंडची वसुली जोरात. मॅनेजर साहेब दारात उभे राहून कॅलेंडरकडं बघत होते. पोरानं पहिला रकाना भरला, दुसऱ्यात दोन ओळी मराठीत लिहिल्या. लेखणी तिसऱ्यावर थांबली.

“लागू आहे का?” मी विचारलं.

“पाहतो,” तो म्हणाला, आणि टोपण लावून, चपला दाराशी काढून आतल्या खोलीत गेला. काचेतून दिसत होतं: त्यानं मार्गदर्शिकेचं पान उघडलं, शेजारी आपल्या यंत्राचा आवृत्तिक्रमांक काढला, आणि बोट ठेवून एकेक आकडा जुळवू लागला. चहा निवत होता. मी त्यावर बशी झाकली.